निबंध, चर्चा आणि चळवळ : महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्यांच्या राजकीय संवादाचा एक आढावा (१८५५–१९४२)

शालेय विद्यार्थ्यांनी राजकारणाची व चालू घडामोडींची चर्चा करावी किंवा नाही, हा वाद अलीकडे मोबाइलच्या पडद्यामुळे पुन्हा जोर धरू लागला आहे. वडीलधाऱ्यांचा आक्षेप सामान्यतः असा असतो की, मुलांचे वय अपक्व, माहिती थोडी आणि आवेश फार. मुलांचे उत्तर असे की, ज्या निर्णयांची फळे पुढे आम्हांसच भोगावयाची आहेत, त्यांविषयी आम्ही बोलूच नये काय? हे दोन्ही युक्तिवाद आपल्या पूर्वसूरींनी पुष्कळ घोळलेले आहेत. प्रस्तुत लेखात इ. स. १८५५ ते १९४२ या काळातील काही निवडक प्रसंगांच्या आधारे दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली अशी की, ‘विद्यार्थ्याचा निबंध’ आणि ‘विद्यार्थ्याचे राजकारण’ यांमधील सीमारेषा विषयावरून क्वचितच ठरली. ती बहुधा निष्कर्षावरून ठरली. दुसरी अशी की, ही रेषा जेव्हा कडक झाली तेव्हा चर्चा थांबली नाही. तिने केवळ जागा बदलली आणि त्या स्थलांतरात बहुधा विरुद्ध मताचा श्रोता गमावला.

साधनांविषयी आरंभीच दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मुलांचे बोलणे दप्तरात राहत नाही. ते आपल्यापर्यंत तीन वाटांनी पोचते : मोठेपणी लिहिलेल्या आठवणी, सरकारी परिपत्रके, आणि क्वचित प्रसंगी त्या वयातच लिहिलेला एखादा लेख. आठवणींवर पुढील आयुष्याची छाया पडलेली असते; परिपत्रकांत भीती बोलत असते. त्यामुळे तिसऱ्या प्रकारचे साधन संख्येने अल्प असले तरी त्याचे मोल अधिक मानले पाहिजे. विवेचनाचा आरंभ त्यापासूनच करू.

१. दोन निबंध

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखिकेचे वय त्या वेळी सुमारे चौदा वर्षांचे होते. या निबंधाकडे दलित साहित्याच्या व स्त्रीलेखनाच्या पूर्वेतिहासाचा भाग म्हणून अभ्यासकांचे लक्ष गेलेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहता, एका शालेय विद्यार्थिनीने समकालीन समाजस्थितीवर व राज्यव्यवस्थेवर जाहीरपणे केलेला युक्तिवाद, हेही त्याचे स्वरूप आहे. वेदांवर अधिकार ब्राह्मणांचाच असेल तर आमचा धर्म कोणता, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न होय. त्याच्या जोडीला बाजीरावाच्या अमदानीत मांग-महारांवर झालेल्या जुलमाचे वर्णन आणि इंग्रजी अमलात तो कमी झाल्याचे प्रतिपादन येते. भाषेच्या दृष्टीने दोन गोष्टी नजरेत भरतात. निबंधाचा कर्ता ‘मी’ नसून ‘आम्ही’ आहे. आणि युक्तिवाद विधानांपेक्षा प्रश्नांच्या आधाराने पुढे सरकतो. शाळेत शिकविलेल्या निबंधाच्या साच्यात सार्वजनिक वादाचा आवाज कसा शिरतो, याचा हा मराठीतील फार जुना नमुना आहे.

यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात एक दुसरा निबंध लिहिला गेला. लेखक महादेव गोविंद रानडे. ते तेव्हा शाळेत नव्हते, कॉलेजात होते, हा भेद मान्य करूनही त्या प्रसंगाची येथे तुलना करणे उद्‌बोधक ठरेल. रानड्यांचे चरित्रकार सांगतात की, मराठी राज्य व इंग्रजी राज्य यांची तुलना करताना त्यांनी पहिल्यास झुकते माप दिले, आणि त्यामुळे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धिमत्तेचे चाहते होते, म्हणून या शिक्षेमागे वैयक्तिक आकस होता असे म्हणता येत नाही.

आता हे दोन निबंध शेजारी ठेवून पाहावेत. पेशवाई बरी की कंपनीचे व राणीचे राज्य बरे, ही तुलना दोहोंत आहे. ती राजकीय आहे यात शंका नाही. एक निबंध मिशनच्या पत्राने छापला. दुसऱ्याबद्दल दंड झाला. विषय निषिद्ध असता तर दोन्ही अडले असते. अडला तो निष्कर्ष. येथे हेही स्पष्ट केले पाहिजे की, मुक्ता साळवे यांचा निष्कर्ष राज्यकर्त्यांस सोयीचा होता म्हणून तो उसना होता, असे मुळीच सिद्ध होत नाही. तो त्यांच्या अनुभवातून आलेला होता; आणि त्यांना जो अधिकारी वर्ग समोर दिसत होता तो साहेबाचा नसून गावातील उच्चवर्णीयांचा होता. सत्ता म्हणजे नेमकी कोणती सत्ता, हे ज्याच्या त्याच्या स्थानावरून ठरते, याचे भान विद्यार्थ्यांच्या राजकीय संवादाचा इतिहास लिहिताना सुटता कामा नये.

२. एका शाळेच्या छायेतील दोन वृत्तपत्रे

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि पुढील वर्षाच्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. शाळा काढणारे आणि पत्र चालविणारे हात तेच होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी दिवसा वर्गात शिकवीत आणि उरलेल्या वेळात मजकूर लिहीत. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आपले शिक्षक लेखनाबद्दल तुरुंगात जातात, हे पाहणाऱ्या मुलांना नागरिकशास्त्राचा वेगळा धडा देण्याची गरज उरली नसावी.

परंतु या शाळेच्या इतिहासातील अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळक व आगरकर यांच्यात मतभेद झाले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. टिळक १८९० पर्यंत डेक्कन एज्युकेशन सोसायटीत होते. म्हणजे दोनएक वर्षे अशी गेली की, एकाच संस्थेतील दोन गुरुजन दोन पत्रांतून एकमेकांची मते खोडून काढीत होते, आणि त्या संस्थेच्या मुलांना दोन्ही बाजू घरबसल्या वाचावयास मिळत होत्या. या वादाने पुढाऱ्यांना मनस्ताप दिला. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही स्थिती अनुकूल होती. ज्याच्याबद्दल आदर आहे तो मनुष्य चुकीचे मत बाळगू शकतो, ही जाणीव राजकीय विचाराची पहिली पायरी होय. आणि ती पुस्तकाने येत नाही.

३. मेळा आणि शपथ

शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. १८९७ मध्ये रँडचा वध आणि त्याच वर्षी टिळकांना झालेली राजद्रोहाची शिक्षा यांनंतर उघड्या चर्चेचे वातावरण आकसले. १८९९–१९०० च्या सुमारास नाशिकमध्ये ‘मित्रमेळा’ स्थापन झाला. विनायक दामोदर सावरकर त्या वेळी माध्यमिक शाळेत शिकत होते. आपल्या ‘माझ्या आठवणी’ या ग्रंथात त्यांनी या मंडळाची हकीकत दिली आहे. दर आठवड्यास बैठक भरावी, ठरलेल्या विषयावर एकाने बोलावे व इतरांनी त्यावर मत द्यावे, अशी पद्धत होती. ‘मेळा’ हा शब्द सार्वजनिक गणेशोत्सवातील गायकमंडळींमुळे लोकांच्या ओळखीचा झालेला होता, आणि त्या ओळखीच्या शब्दाच्या आडोशाने आत एक शपथबद्ध वर्तुळ काम करीत होते. १९०४ मध्ये यातूनच ‘अभिनव भारत’ उभी राहिली.

या बैठकांत मुलांचा अभ्यास कमी होता असे नाही. इतिहासाचे वाचन, वक्तृत्वाची तयारी, वृत्तपत्रांतील मजकुराची छाननी हे सर्व तेथे होते. कित्येक शाळांत जेवढे नव्हते तेवढे होते. उणीव होती ती एकाच गोष्टीची. ज्याने शपथ घेतली तोच आतल्या वर्तुळात येणार, म्हणजे मूळ भूमिकेलाच आक्षेप घेणारा मनुष्य तेथे असणे शक्य नव्हते. गुप्ततेमुळे जीव वाचतो, पण गुप्त जागेत मतभेदास मर्यादा पडते. तेथे मार्गाविषयी वाद होऊ शकतो; ध्येयाविषयी होऊ शकत नाही. हा दोष त्या मुलांचा मानण्यापेक्षा, त्यांना उघडी जागा न ठेवणाऱ्या परिस्थितीचा मानणे अधिक न्याय्य होईल.

४. परिपत्रकांची भाषा

बंगालच्या फाळणीनंतर सरकारने ही रेषा लेखी स्वरूपात आखली. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारचे कार्लाइल परिपत्रक निघाले. स्वदेशीच्या चळवळीत विद्यार्थी सामील झाले तर शाळांचे अनुदान व शिष्यवृत्त्या काढून घेण्याची धमकी त्यात होती. कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला उत्तर म्हणून परिपत्रकविरोधी मंडळच स्थापन केले आणि रंगपूर येथे राष्ट्रीय शाळा निघाली. मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव एच. एच. रिस्ले यांच्या सहीचे परिपत्रक सर्व प्रांतांस गेले. रिस्ले हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक व १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. माणसांचे वर्ग पाडण्याची त्यांची हातोटी येथेही दिसते. कॉलेजच्या विद्यार्थ्यास त्यांनी काहीशी मोकळीक ठेवली. शाळकरी विद्यार्थ्यास मात्र राजकीय हालचालींपासून सर्वस्वी दूर ठेवावे असे सांगितले.

या परिपत्रकाची कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचा दाब प्रत्यक्ष मुलावर थोडा आणि शाळेवर अधिक होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत रूढ झालेली होती. ते अनुदान, विद्यापीठाची मान्यता आणि शिष्यवृत्त्यांसाठी मुले पाठविण्याचा हक्क, ही तिन्ही काढून घेता येतील असे बजावल्यावर शिक्षकास पहारेकरी होण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. काल ज्याच्याशी वर्तमानपत्रातील मजकुराविषयी बोलता येत असे, त्याच्यासमोर आज मूल गप्प बसू लागले.

परिणाम दूरवर दिसले. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये विद्यार्थ्यांनी तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याचे स्वागत ‘वंदे मातरम्’च्या घोषाने केले. त्या प्रकरणात केशव बळीराम हेडगेवार यांस शाळा सोडावी लागली व पुढे ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी स्थापिलेले समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे मराठी माध्यमातून राष्ट्रीय शिक्षण देत होते. ते सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. तत्कालीन माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत शिक्षण इंग्रजीतून चाले. त्यामुळे मुलांचे अधिकृत वादविवाद इंग्रजीत आणि जिवंत राजकीय बोलणे मराठीत, अशी फूट पडलेली होती. विजापूरकरांच्या शाळेने ती सांधण्याचा प्रयत्न केला होता. ती बंद पडल्याने केवळ एक शाळा गेली असे नाही. मराठीतून वर्गात राजकीय विषय मांडण्याचा एक प्रयोग अर्ध्यावर राहिला.

रेषा केवळ सरकारच आखीत होते असेही नाही. न्यू इंग्लिश स्कूलचे एके काळचे शिक्षक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०९ मध्ये मुंबईस ‘विद्यार्थी आणि राजकारण’ या विषयावर व्याख्यान दिले. विद्यार्थ्यांनी राजकीय प्रश्नांचा अभ्यास करावा, परंतु प्रत्यक्ष चळवळीत पडू नये, असे त्यांचे मत होते. वरवर पाहता हा भेद रिस्ले यांच्या भेदासारखाच दिसतो. परंतु रिस्ले यांची चिंता राज्याच्या सुरक्षिततेची होती. गोखल्यांची चिंता विद्यार्थ्याच्या वाढीची होती. पहिल्यास मुलाच्या अज्ञानाचे भय नव्हते, दुसऱ्यास होते. दोन भिन्न हेतू एकाच शब्दयोजनेत सामावले की सामान्य वाचकास ते वेगळे ओळखू येत नाहीत, आणि गोखल्यांच्या भूमिकेची उपेक्षा होण्याचे एक कारण हेही असावे.

येथे शब्दांकडेही पाहू. ‘चळवळ’ हा शब्द मराठीत जुना आहे. त्याचा मूळ अर्थ हालचाल, अस्वस्थ हालणे असा आहे. ‘चर्चा’ संस्कृतातून आला. त्यात पुन्हा पुन्हा घोळून पाहण्याचा भाव आहे. एक शब्द शरीराचा, दुसरा मनाचा. चर्चा करणारा हलत नाही आणि हलणारा विचार करीत नाही, अशी विभागणी या दोन शब्दांच्या जोडीने नकळत गृहीत धरली गेली. प्रत्यक्षात सोळा वर्षांचा मुलगा अशा दोन खोल्यांत राहत नाही.

५. अमळनेरचे हस्तलिखित

या पार्श्वभूमीवर अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील प्रयोग विचारार्ह आहे. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये तेथे शिक्षक झाले व शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. देशातील चळवळी, थोरांची चरित्रे आणि छात्रालयातील नित्याच्या गोष्टी यांचा मेळ घालून मुलांना विचारास प्रवृत्त करावे, ही त्यांची दृष्टी होती.

या प्रयोगाचे अवास्तव कौतुक करण्याचे कारण नाही. दैनिक बहुतांशी गुरुजींच्याच हातचे होते. म्हणजे तेथे प्रथम बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक होते. तरी दोन गोष्टी त्यास मित्रमेळ्यापासून वेगळे करतात. पहिली, हे हस्तलिखित उघड होते. कोणीही वाचावे, कोणीही शंका विचारावी. दुसरी, त्यात एक प्रौढ मनुष्य मुलांच्या बरोबर उभा होता, पहाऱ्यावर नव्हता. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा साने गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली आणि मग ते चळवळीत गेले. शिक्षक या नात्याने चर्चा, आणि शिक्षकपण बाजूला ठेवून कृती, असा क्रम त्यांनी स्वतःच्या बाबतीत पाळला. गोखल्यांनी विद्यार्थ्यांस सांगितलेला संयम येथे एका शिक्षकाने स्वतःस लावून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास व यानंतर महाराष्ट्रात मुलांच्या व तरुणांच्या संघटना वाढल्या. त्यांच्या परिभाषेतील एक शब्द भाषाभ्यासकाने टिपून ठेवावा असा आहे. ‘बौद्धिक’ हे मूळचे विशेषण. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि राष्ट्र सेवा दल या परस्परविरोधी विचारांच्या दोन्ही संघटनांत ते नाम म्हणून रूढ झाले. बौद्धिक ‘घेतात’, चर्चा ‘करतात’. पहिल्या क्रियापदात वक्त्याचे स्थान निश्चित आहे, दुसऱ्यात ते फिरते आहे. दोन्ही संघटनांत चर्चाही होत असत, हे खरे. परंतु विचारांनी इतक्या दूर असलेल्या दोन मंडळींना मुलांशी बोलण्यासाठी एकच शब्द पुरेसा वाटावा, ही गोष्ट अर्थशून्य नाही.

६. नंदुरबार, १९४२

९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर महिनाभराने, पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती मृत्यू पावले. मिरवणुकीतील त्याची घोषणा गुजरातीत होती, असे सांगितले जाते. मराठी, गुजराती व आदिवासी बोली एकत्र नांदणाऱ्या त्या बाजारपेठेच्या गावात मुलांचे राजकीय बोलणे एका भाषेत बंदिस्त नव्हते, हे त्यावरून दिसते.

या घटनेपाशी इतिहासलेखकाने क्षणभर थांबले पाहिजे. हौतात्म्याचा गौरव आपण करतो आणि तो उचित आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलावर गोळी चालविणाऱ्या सत्तेचा धिक्कार करताना, मुलांनी पुढे असावे असे वाटणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनाचीही तपासणी झाली पाहिजे. गोखल्यांची भीती निराधार नव्हती. किंमत मुलांनाच द्यावी लागली. म्हणून मुलांच्या राजकीय संवादाचा पुरस्कार करणाऱ्याने हा प्रश्न सोपा आहे असे मानू नये.

उपसंहार

वरील प्रसंगांवरून काही मर्यादित निष्कर्ष काढता येतील. शालेय विद्यार्थ्यांचा राजकीय संवाद हा आधुनिक महाराष्ट्राच्या शिक्षणाइतकाच जुना आहे. त्यावर आलेली बंधने वयाच्या नावाने आली, तरी ती लागू करताना मुख्यतः मताकडे पाहिले गेले. बंधनांनी चर्चा संपली नाही. ती मेळ्यात, राष्ट्रीय शाळेत, रस्त्यावर गेली. आणि जेथे जेथे विचारी प्रौढ मनुष्य उघडपणे मुलांच्या सोबत राहिला, तेथे चर्चेत मतभेदास जागा उरली. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ती दोन गुरूंच्या वादामुळे मिळाली, अमळनेरात एका गुरूच्या वृत्तीमुळे.

आजचा संदर्भ निराळा आहे. १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. म्हणजे उच्च माध्यमिक शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी जवळजवळ लगेच मतदार होतो. दुसऱ्या बाजूस, २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीच्या वापरास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. या कायद्याचा हेतू संरक्षणाचा आहे, आणि त्याची तुलना रिस्ले यांच्या परिपत्रकाशी करणे अन्यायाचे होईल. तरी मूल एका दिवसात बालकाचे मतदार होते, ही अपेक्षा दोहोंच्या मुळाशी असलेल्या एका जुन्या समजुतीची आठवण करून देते. मतदाराची भाषा एका वाढदिवसाने येत नाही. ती आधीची काही वर्षे चुकत, भांडत व दुरुस्त होत घडवावी लागते.

आजची मुले आपसांत राजकारणावर जे लिहितात ते पुष्कळदा रोमन लिपीतील मराठीत, हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करून लिहितात. त्यातील शुद्धलेखनावर आपण बोट ठेवतो. मुक्ता साळवे यांच्या निबंधाकडे त्या काळच्या एखाद्या शास्त्रीबुवांनी कदाचित याच नजरेने पाहिले असते. लिपी आणि व्याकरण यांची चिंता करण्याचा आपला अधिकार आहेच. परंतु त्याआधी त्या लेखनाला विरुद्ध मताचा वाचक मिळतो की नाही, आणि त्या वाचकांत एखादा शिक्षक आहे की नाही, ही विचारणा अधिक निकडीची आहे. ज्या विद्यापीठ विभागांत उद्याचे शिक्षक तयार होतात, त्यांनी तरी ती टाळू नये.